पुसलेली जमा

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी व्हीनस कॉर्नरपर्यंत आले, तेव्हा अण्णांनी लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून आधी वह्या हलवल्या, पोती मागाहून. पोती भिजली तर नुकसान आपले. वही भिजली तर दुसऱ्याचेही, असा त्यांचा हिशेब. त्या पुरात आमचे एकही पान गेले नाही. गेले ते गेल्या दिवाळीच्या तोंडावर, कोरड्या दुकानात, माझ्या हातून.

आमची उधारी आता एक्सेलमध्ये असते. चुकती झालेली खाती एकेक करून काढण्याचा कंटाळा, म्हणून पुतण्याने मॅक्रो लिहून दिला. पाचव्या रकान्यात शून्य दिसले की ती ओळ काढावी आणि शेवटी फाईल सेव्ह करावी, एवढेच त्याचे काम. सहा महिने तो बिनचूक चालला. त्या दुपारी मात्र माझ्यासमोर उधारीचे नव्हे, तर आगाऊ जमेचे पान उघडे होते. मॅक्रोत पानाचे नाव घातलेलेच नव्हते. समोर असेल ते पान त्याने आपले मानले. तिथला पाचवा रकाना मालापोटी वळत्या झालेल्या रकमेचा. ज्यांचा माल जायचा होता त्यांचा रकाना रिकामा, आणि मॅक्रोच्या तुलनेत रिकामा रकाना शून्यच ठरतो. म्हणजे ज्यांचे पैसे आमच्याकडे होते, नेमकी त्यांचीच नावे पुसली गेली.

कंट्रोल-झेड दाबून पाहिले. काही उपयोग झाला नाही. हातची चूक एक्सेल मागे घेऊ देते, पण मॅक्रोने पान बदलले की मागे जाण्याची वाटच बंद होते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. फाईल सेव्ह न करता मिटली असती तर सारे परत मिळाले असते. पण सेव्हची ती ओळ आम्ही सोयीसाठी घातली होती!

पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींवरून छत्तीस नावे सापडली. रोकडीशी ताळा केला, तर बासष्ट हजार कमी. विश्वासावर बिनपावतीचे घेतलेले ते पैसे. दिवाणजींनी आठवून पाच नावे सांगितली. "त्यांचा फोन येईपर्यंत थांबू," मी म्हणालो. आज ते वाक्य आठवले की लाज वाटते. अण्णांनी काही न बोलता फोन उचलला.

गारगोटीचे एक म्हातारे दुकानदार हसून म्हणाले, "अण्णा, तुमच्या वहीत असंलच की."

"नाही. आमच्याकडून पुसलं गेलं. तुम्ही सांगाल ती रक्कम."

जुन्या वहीत चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारत. खालचा आकडा वाचता यावा, ही शिस्त. पुतण्याने मॅक्रो आता तसाच बदलला आहे. तो पानाचे नाव तपासतो, तारीख घालून फाईलची प्रत काढतो, किती ओळी निघणार ते विचारतो आणि त्या पुसत नाही, वेगळ्या पानावर नेऊन ठेवतो. सेव्ह आम्ही हाताने करतो, तेही पाहून. आठवड्याची प्रत पेन ड्राइव्हवर घरी जाते. पावतीशिवाय पैसे घेणे बंद झाले, यावर दोघे-तिघे रुसलेही.

पाचही जणांनी सांगितलेल्या रकमांची बेरीज साडेएकसष्ट हजार झाली. उरलेले पाचशे कोणाचे, ते अजून कळलेले नाही. अण्णांनी त्यांचे नाव नसलेले खाते उघडले असून त्याची बाकी आम्ही दर महिन्याला पुढे ओढतो.