हाताच्या मापाचा पाना

वय वाढत जाते तशी घरातील माणसे वडीलधाऱ्यांच्या हातून एकेक काम काढून घेऊ लागतात. त्यामागे प्रेम असते, काळजीही असते. पण काम गेले की तो माणूस दिवसभर दाराकडे पाहत बसतो. आज आपल्याशी बोलायचे आहे ते जुन्या सायकलीच्या अवजारांविषयी. आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय आडवाटेचा वाटेल. आमच्या घरात मात्र तो औषधांच्या वेळापत्रकाइतकाच निकडीचा होता.

माझ्या यजमानांचे वय ७६. हृदयविकारानंतर त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. शिवाय दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी सांधे झिजलेले आहेत. त्यांचे वडील खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी १९५६ साली घेतलेली हर्क्युलस सायकल आजही आमच्या ओसरीवर उभी आहे, आणि तिची देखभाल हा यजमानांचा सकाळचा नेम आहे. मुलांचे म्हणणे पडले की, आता सायकल विकावी. पाना निसटून हाताला लागले तर रक्त थांबवायचे कोणी? शंका रास्त होती. मी ती डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी काम बंद करायला सांगितले नाही. जखम होणार नाही अशी व्यवस्था करा, एवढेच ते म्हणाले. त्या व्यवस्थेचा शोध घेता घेता मी अवजारांपर्यंत येऊन पोहोचले.

पाना निसटतो तो बहुधा माप न जुळल्यामुळे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांसाठी एक ठरावीक मापपद्धती सुचवली. ब्रिटिश वळणाच्या जुन्या सायकलींत इंची मापे आढळतात ती त्याच परंपरेतून. आज दुकानात पेटीत मिळणारे पाने मात्र मिलिमीटरचे असतात. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचे तोंड सुमारे १३.३ मिलिमीटर भरते. त्या मापाच्या नटावर १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा सैल पडतो. सैल पाना जोर लावताच नटाचे कोपरे झिजवतो व सटकतो, आणि बोटे मडगार्डवर किंवा चेनच्या दातेरी चक्रावर आपटतात. उतारवयात त्वचा पातळ झालेली असते; रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर लहानसे खरचटणेही लवकर थांबत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्हिटवर्थ पान्यावर कोरलेला आकडा तोंडाची रुंदी सांगत नाही, तर बोल्टची जाडी सांगतो. म्हणून खरेदीला जाताना आकड्यावर विसंबू नये. सायकलीचा एक नट खिशात घालून न्यावा आणि पाना त्यावर बसवून पाहावा. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार किंवा आपल्या गावचे भंगाराचे दुकान, अशा ठिकाणी हे पाने अजून हाती लागतात. तोंड पसरलेला पाना कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. चाकाच्या कोनासाठी पातळ पाना वेगळा घ्यावा. जाड पाना तेथे शिरतच नाही.

दुसरा प्रश्न जोराचा. हातात जोर उरला नसेल तर तो लांबीतून आणि वेळातून मिळवता येतो. पान्याचा दांडा दुप्पट लांब असेल तर निम्म्या जोरात तेच काम होते. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री तेल सोडून ठेवले, तर सकाळी तो पुष्कळदा कमी श्रमात सुटतो. बारीक दांडा घट्ट धरताना अंगठ्याच्या मुळावर ताण येतो, म्हणून आम्ही जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून सगळ्या पान्यांना गुंडाळल्या. मूठ जाड झाली आणि पकड सुटेनाशी झाली. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तेवढेही लक्षात असू द्यावे. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटते. अन्यथा सोडवण्याच्या नादात माणूस ते आवळतच राहतो.

तिसरी बाब उंचीची. ही जुनी सायकल वीस किलोंच्या आसपास भरते. ती उलटी करून, खाली बसून काम करणे कंबरेला व गुडघ्यांना सोसत नाही, आणि एकदम उठताना चक्कर येऊन तोल जाण्याचे भय असते. आमच्या ओसरीवर झोपाळ्याच्या कड्या आहेत. त्यांना दोर बांधून सायकल टांगली, म्हणजे खुर्चीत बसून चाक हाताशी येते. टांगण्याचे काम नातवाचे. यजमानांनी वजन उचलायचे नाही, हा करार आहे. शेजारी दिवा, एक लोहचुंबक आणि काठाची थाळी ठेवतो. छर्रे सांडले तर चुंबकाने गोळा होतात. घरात लहान मूल असेल, तर ते मोजूनच परत ठेवावेत.

काही कामे दुकानदाराकडेच द्यावीत. पायडलच्या दांडीची कॉटर पिन हातोड्याने ठोकून काढावी लागते. त्या हादऱ्याने दुखरे सांधे चिडतात. रॉकेलने चेन धुवायची झाल्यास ती उघड्यावर, हातमोजे घालून आणि चुलीपासून दूर धुवावी.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी दोन शब्द. काम संपल्यावर सांध्याचे वाढलेले दुखणे दोन तासांहून अधिक टिकले, तर दुसऱ्या दिवशीचे काम कमी करावे. हाताला कंप असेल किंवा नजर मंदावली असेल, तर नट सोडवण्याऐवजी आरे पुसणे, हँडलला पॉलिश करणे अशी कामे पुढे ठेवावीत. जखम झालीच, तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न उचलता दाबून धरावी. तरीही रक्त थांबले नाही तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

या साऱ्याने यजमानांचे सांधे बरे झाले, असे मी म्हणणार नाही. ते आता सायकल चालवतही नाहीत. चालवतो तो नातू. पण चेन कुरकुरली की तो प्रथम आजोबांकडे येतो, आणि त्यांचे म्हणणे मान तुकवून ऐकतो. मुलांनीही विक्रीचा विषय पुन्हा काढलेला नाही. आपल्या घरी सायकलीऐवजी शिवणयंत्र असेल, बागेतील खुरपे असेल किंवा स्वयंपाकघरातील विळी असेल. ते वडीलधाऱ्यांच्या हातून काढून घेण्याआधी एकदा त्यांच्याशेजारी बसा. हात नेमका कोठे दुखतो, कोठे घसरतो, ते पाहा आणि त्या हाताला झेपेल असे अवजार शोधून आणा.