सोडलेल्या पाण्यातली जागा

क्षिप्रेवर फ्लाय टाकायला चांगली जागा हवी असेल तर मी आधी कालनिर्णय उघडतो, नकाशा नंतर. शनैश्चरी अमावस्या कधी, सोमवती कधी, संक्रांत कोणत्या वारी, हे टिपून ठेवतो. माळव्याबाहेरच्या गळवाल्याला हे सांगितलं की त्याला वाटतं, हा गृहस्थ देवभोळा दिसतो. तसं काही नाही. पावसाळा सरून दोन-तीन महिने झाले की क्षिप्रेकडे स्वतःचं वाहतं पाणी फारसं उरत नाही. पुढे तिला ओढ येते ती पर्वस्नानाआधी नर्मदेचं पाणी सोडतात तेव्हाच. 2014च्या फेब्रुवारीत नर्मदा-क्षिप्रा जोड सुरू झाली. ओंकारेश्वर प्रकल्पातलं पाणी पंपांनी विंध्याच्या माथ्यावर चढवायचं आणि उज्जैनी गावाजवळ, क्षिप्रेच्या उगमाशी ओतायचं, सेकंदाला पाच हजार लिटर, अशी ही योजना. 2016चा सिंहस्थ याच पाण्यावर पार पडला. 2019च्या जानेवारीत शनैश्चरी अमावस्येला मात्र उज्जैनच्या त्रिवेणीवर पाणी पोचलं नाही, भाविकांना चिखलातून परतावं लागलं आणि त्यापायी कलेक्टर-कमिशनरना खुर्च्या सोडाव्या लागल्या. ज्या नदीच्या ओढीशी साहेबांच्या खुर्च्या बांधलेल्या आहेत, तिच्या काठी गळ घेऊन बसणाऱ्याने तिचं वेळापत्रक पाठ करावं, यात नवल कसलं?

देवास शहर काही नदीकाठी वसलेलं नाही. टेकडीच्या पायथ्याशी ते वाढलं; नदी गाठायची तर इंदूरच्या रस्त्याने क्षिप्रा नावाच्याच गावी जावं लागतं. तिथे महामार्गाचे पूल आहेत, देवासला पाणी पुरवणारा बंधारा आहे, चहा-कचोरीच्या टपऱ्या आहेत, ट्रकवाले आंघोळीला उतरतात. शांत निसर्ग वगैरे शोधणाऱ्याने इथे येऊ नये. मला मात्र ही नदी अशीच कळत गेली. जंगलातल्या नदीत डोह, खडक आणि वळणं माशाची जागा ठरवतात. शहराच्या नदीत ते काम पुलाचे खांब, बंधाऱ्याची भिंत, घाटाची पायरी आणि नाल्याचं तोंड करतात. आणि ही सगळी ठिकाणं जिवंत कधी होणार, हे वरून दार उघडणाऱ्या माणसाच्या हातात असतं.

फ्लाय फिशिंगची थोडी ओळख करून देतो, कारण आमच्याकडे लोक अजून थांबून विचारतात. बारीक काट्यावर पीस, केस, दोरा गुंडाळून खोटा किडा बांधायचा, त्याला फ्लाय म्हणतात. त्याला वजन जवळजवळ नसतंच. साध्या गळात शिसं पुढे जातं आणि दोर मागून ओढला जातो. इथे वजन असतं ते जाड दोराचं, आणि तो दोर किड्याला घेऊन जातो. त्यासाठी तो आधी पाठीमागे पूर्ण उलगडावा लागतो. म्हणजे पुढे जितकं लांब टाकायचं, साधारण तितकीच मोकळी जागा पाठीशी हवी. पुलावरच्या पोरांना हा खेळ वेडगळ वाटतो. एकाने मला सरळ विचारलं होतं, "भिया, पानी में चाबुक क्यों मार रिये हो?"

थांबलेल्या पाण्यात मासा हिंडतो, वाहत्या पाण्यात तो उभा राहतो. हिंडणाऱ्या माशाची वाट असते. जागा असते ती उभ्या राहणाऱ्याची. म्हणून बंधाऱ्याच्या वरचं रुंद, देखणं पाणी मी सोडून देतो. पाणी सुटल्याची बातमी आली की भिंतीच्या खाली जातो. पाणी जिथे पडतं त्या फेसात काही नसतं. फेस विरतो तिथून पुढे जलद आणि संथ पाण्याची एक शिवण दिसते. पृष्ठभागावर तरंगणारा पालापाचोळा, अगरबत्तीची वेष्टनं, झेंडूच्या पाकळ्या त्या रेषेवर गोळा होऊन चालू लागतात. अन्नही त्याच रेषेने येतं. मासा संथ बाजूला दम खात राहतो आणि घास घ्यायला जलद बाजूला डोकावतो. पुलाच्या खांबाचंही तसंच. सगळे खांबामागच्या भोवऱ्यात गळ टाकतात. माझा अनुभव असा की खांबाच्या पुढ्यात, पाणी आपटून क्षणभर अडखळतं तिथे, एक हातभर शांत गादी तयार होते आणि धीट मासा तिथे सापडतो. मासा वरच्या अंगाला तोंड करून असतो, तेव्हा आपण खालून, त्याच्या पाठीमागून जावं. सूर्य असा धरावा की आपली सावली पाण्यावर पडणार नाही. पोलरॉइड चष्मा हवाच. तो नसेल तर तुम्ही आकाशाच्या प्रतिबिंबात मासे धरताय.

या शिवणीवर मोठं काही लागत नाही. चिलवा लागतो, वीतभरही नसलेला चंदेरी मासा. काट्याला लागल्यावर त्याची धडपड पाहून हसू येतं. मद्रासच्या सनदी सेवेतले एच. एस. थॉमस यांनी 1873 साली 'द रॉड इन इंडिया' हे जाडजूड पुस्तक काढलं ते मुख्यतः महसीरच्या प्रेमापोटी, आणि आपल्याकडचे हौशी गळवाले आजही महसीरखेरीज दुसरं नाव घेत नाहीत. मला तो मोठेपणाचा सोस पटत नाही. नजर तयार होते ती चिलव्यावरच, कारण तो दिसतो, चुकवतो आणि पुन्हा येतो.

पहाटे मासा चांगला लागतो, हा सल्ला सगळे देतात. स्वच्छ नदीला तो लागू आहे. शहराचं सांडपाणी पोटात घेतलेल्या पाण्यात शेवाळ आणि वनस्पती माजतात. दिवसा उजेडात त्या प्राणवायू सोडतात, रात्रभर मात्र तो स्वतःच वापरतात. त्यामुळे उजाडण्याच्या सुमारास पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे वर येऊन तोंडं उघडतात, नवखा गळवाला हरखतो आणि तासभर फ्लाय फेकत बसतो. ते खाणं नव्हे, गुदमरणं असतं. खाणारा मासा वर येतो, एक वलय उठवतो आणि खाली जातो. गुदमरणारा वरच रेंगाळतो, तोंड सारखं चालू असतं. अशा जागी मी घाईने जात नाही. पोहे-जलेबी खाऊन, ऊन दोन हात वर आल्यावर निघतो. बंधाऱ्याखालची जागा याला अपवाद, कारण पडणारं पाणी हवा घेऊनच खाली येतं.

जिथे पाणी खरोखर बिघडलेलं असतं, तिथे मरळ. हिंदीत तिला सांवल म्हणतात. पाण्यात प्राणवायू नसला तरी तिचं अडत नाही, ती वर येऊन हवा घेते. आणि हवा घ्यायला आली की आपली जागा सांगून जाते. जलपर्णीच्या दोन पुंजक्यांमधल्या हातभर मोकळ्या पाण्यात एक जड बुडबुडा फुटला की मी तिथेच खिळतो, कारण थोड्या वेळाने ती त्याच आसपास पुन्हा येणार असते. तिच्यासाठी बेडकाचा फ्लाय मी जुन्या स्लीपरच्या फोमचा कापून करतो. पाय कोंबडीच्या पिसांचे, आणि काट्याच्या पुढे नायलॉनची कमान, म्हणजे जलपर्णीत अडकत नाही. विकतचा फ्लाय याहून देखणा असतो, पण त्यावर मरळ जास्त भाळते असं माझ्या पाहण्यात नाही. पिलांचा लाल-नारिंगी थवा पाण्यावर दिसला तर मात्र गळ गुंडाळायचा. आई-बाप खालीच असतात आणि थव्यावर येईल त्यावर झडप घालतात. ते काढले तर पिलं उघडी पडतात.

पाठीमागची जागा हा शहरातला सगळ्यात मोठा प्रश्न. विजेच्या तारा, वाळत घातलेल्या साड्या, म्हशी, आणि संक्रांतीनंतर महिना-दोन महिने झाडाझाडावर लटकलेला मांजा. म्हणून फेकण्याआधी मी नदीकडे पाठ करून उभा राहतो आणि मागचं सगळं नीट पाहून घेतो. जागा अडलेली असेल तर दोर मागे न नेता पाण्यावरच गोल लोळवून पुढे सोडता येतो. अंतर कमी पडतं, पण शहरात मासा तसाही काठाजवळ असतो. काठावरच तर सगळं सांडतं. घाटावर गळ टाकायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. कणकेच्या गोळ्या खाऊन माणसाळलेला मासा धरण्यात कसलं कसब! काट्याची उलटी नखी मी पक्कडीने दाबून टाकतो आणि मासा पाण्यातच सोडतो. शहराखालचा मासा घरी नेऊन शिजवावा, असं ते पाणी रोज पाहणाऱ्याला वाटत नाही.

धारला नदीच नाही, तिथे तळी आहेत. साडेबारा तलावांची नगरी म्हणून लोक अभिमानाने सांगतात. त्यातला मुंजसागर परमार राजा मुंजाच्या नावाचा. हे तलाव मच्छीमार समित्यांकडे पट्ट्याने असतात, तेव्हा आधी विचारावं. नदीसाठी धारहून घाट उतरून निमाडात जायचं, खलघाट किंवा धरमपुरीला. तिथे नर्मदा, आणि नर्मदेत बाडस, म्हणजे आपला महसीर. 2011 पासून तो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. मान मिळाला, नदी मात्र पालटली. वर इंदिरासागर आणि ओंकारेश्वर, खाली 2019मध्ये पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत भरलेला सरदार सरोवर, ज्याच्या पाण्याची शेपटी दोनशे किलोमीटरहून लांब आहे. बाडसाला खळाळ आणि गोटे लागतात. धरण भरलेलं असताना धरमपुरीचं पाणी तलावासारखं उभं असतं; उन्हाळ्यात पातळी उतरली की बुडालेले गोटे वर येतात आणि नदी काही आठवडे पुन्हा नदीसारखी चालते. जागा शोधायची ती त्या आठवड्यांत, काठच्या उंबराखाली. उंबरं पाण्यात टपटपत असतील तर किड्याऐवजी उंबराएवढी लालसर लोकरीची गोळी बांधावी. हा मासा फळंही आवडीने खातो.

नर्मदेवर मात्र जागेच्या आधी परतीची वाट पाहायची. देवास जिल्ह्यातल्या धाराजीला 2005च्या 7 एप्रिलला भूतडी अमावस्येची जत्रा भरली होती, आणि वरच्या धरणातून सुटलेल्या पाण्याच्या लोंढ्यात कित्येक भाविक रात्रीच्या अंधारात वाहून गेले. पुढे धाराजी गावच ओंकारेश्वरच्या जलाशयाखाली गेलं. पाऊस नाही, आभाळ निरभ्र, तरी पाणी चढतं. म्हणून पाण्यात शिरताना मी काठावरच्या एका दगडावर खूण धरतो. तो ओला झाला की मासा लागलेला असला तरी दोर कापून वर. मधल्या खडकावर, दोन धारांच्या मध्ये, कितीही सुंदर जागा असो, जात नाही. नावाडीही तिथे उतरवायला नाखूश असतात आणि त्यांचंच बरोबर आहे.

पुण्याच्या मित्रांना माझा हेवा वाटतो, का ते कळत नाही. कर्नल साइक्स यांनी 1839मध्ये दख्खनच्या महसीरला खुद्री हे शास्त्रीय नाव दिलं, त्याचा नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतूनच घेतलेला होता. आज बंड गार्डनच्या पुलावरून खाली पाहताना ते खरं वाटत नाही. तरी मी त्यांना सांगतो की बंधाऱ्याखाली जा, नऊनंतर जा, आणि खडकवासल्यातून पाणी कधी सोडतात ते विचारून जा.

16 जून ते 15 ऑगस्ट आमच्याकडे मासेमारीला कायद्याने बंदी असते. तेव्हा मी फ्लाय बांधतो आणि पुरात नदी पाहायला जातो. काळ्या मातीने पाणी चहासारखं झालेलं असतं, पण कोणत्या खांबाला ओंडका अडकला, कुठला काठ खचला, नवी गाळपट्टी कुठे बसली, हे तेव्हाच दिसतं. 2028च्या सिंहस्थासाठी क्षिप्रेला नवे घाट बांधले जात आहेत. सरळ, गुळगुळीत भिंतीशी मासा थांबत नाही. पण प्रत्येक भिंत कुठेतरी संपते आणि तिथे पाणी वळतं, खालची माती उकरतं. घाटाच्या हद्दीबाहेरची अशी काही टोकं मी वहीत लिहून ठेवली आहेत. दोन पूर जाऊ देत, मग पाहू कोणत्या टोकाखाली खोल पडलं ते.