फाटकावर गरम, रस्त्यावर गार

गोंदिया,
५ एप्रिल

चि. वर्षा हिस,


काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "नवेगावबांध ते कोहमारा एसी मस्त गार असतो, पण फाटकावर गाडी थांबली की गरम वारा यायला लागतो." मेकॅनिकने गाडी न तपासताच "गॅस कमी झाला, भरून देतो" म्हटलं, तेव्हा हेच वाक्य त्याला सांगितलं होतंस का? नसशील, तर आता पैसे देण्याआधी हे पत्र नीट वाच. भाऊजींना दर महिन्याला तपासणीसाठी अर्जुनी मोरगावहून गोंदियाला आणावं लागतं. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसासाठी गाडीतला गारवा ही चैन नाही. सरकारनेही नव्याने तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला आहे. कोहमाऱ्याच्या चौकातून रायपूरकडे जाणाऱ्या ड्रायव्हरला जे लागतं, ते भाऊजींना नको कसं?

एक गोष्ट मनात पक्की धर. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, तेवढंच. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. तुझ्या गाडीत तर गॅस पुरेसा असावा असं माझं मत आहे. तो बराच कमी असता, तर कोहमाऱ्यापर्यंतही गार लागलं नसतं.

मग होतं काय? तू विज्ञान शिकवतेस, तुला लगेच कळेल. माठातलं पाणी पाझरून उडताना माठाची उष्णता घेऊन जातं, तसंच डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये द्रव झालेला हा गॅस उकळतो आणि केबिनची उष्णता शोषून घेतो. तुझ्या गाडीच्या वयाच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांवरच उकळतो. घेतलेली उष्णता तो बंपरमागच्या, रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरमध्ये बाहेर टाकतो. बाहेर ४५ अंश असताना उष्णता बाहेर जायची, तर कंडेन्सर त्याहून बराच तापलेला हवा, साधारण ६० अंश. तेव्हा आतला दाब २३० पीएसआयच्या आसपास जातो. गाडी पळत असताना समोरचा वारा कंडेन्सरला थंड करतो. गाडी थांबली की ते काम एकट्या फॅनचं. फॅन बंद असेल, हळू फिरत असेल किंवा जाळी घाणीने भरली असेल, तर दाब चढत जातो आणि शेवटी सुरक्षेचा स्विच गॅस दाबणारा कॉम्प्रेसर बंद करतो. फाटकावर तुला नेमकं हेच दिसतं आहे. अशा गाडीत आणखी गॅस भरला, तर दाब अजून वाढेल आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होईल. माझा जीव यासाठीच तुटतो गं. चुकीचं निदान नुसतं खर्चाचं नसतं, ते चांगला भाग खराब करतं.

आता रविवारी सकाळी करायचं ते सांगतो. गाडी धुवायची नाही, आधी बघायची. बॉनेट उघड आणि उजेडात नळ्यांचे जोड, कॉम्प्रेसरचा पुढचा भाग आणि कंडेन्सरचे कोपरे बघ. गॅसबरोबर थोडं तेल फिरत असतं. जिथून गॅस गळतो तिथे तेलही पाझरतं, आणि आपल्याकडे हवेत धानाचा भुसा इतका की तेलकट जागेवर तो चिकटून काळपट थर बसतो. गाडी धुतलीस तर ही खूण जाईल. असा डाग दिसला तर फोटो काढून मला पाठव.

मग गाडी सुरू कर, एसी लाव आणि समोर उभी राहून फॅन बघ. हात आणि ओढणी लांब ठेव, कारण फॅन कधीही सुरू होऊ शकतो. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्याच वेळात तो फिरायला लागतो. त्याच सुमारास कॉम्प्रेसरमधून 'टक्' असा आवाज येतो, तो क्लच लागल्याचा. टक् आला पण फॅन हलला नाही, तर इंजिन बंद करून फ्यूज बघ, आणि रिले असेल तर तशाच नंबरचा दुसरा रिले त्या जागी लावून बघ. तरीही न फिरल्यास मोटर गेली असेल, ती इलेक्ट्रिशियनकडून बदलून घे. टक्-टक् असं सारखं चालू-बंद होत असेल, तर मात्र गॅस कमी असण्याची शंका खरी.

फॅन ठीक असेल तर कंडेन्सरची जाळी बघ. रस्त्यावर धानाचा भुसा उडत असतो, आणि तू रोज त्याच रस्त्याने जातेस. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर साध्या पाइपच्या मंद धारेने, शक्य तिथे आतून बाहेर, जाळी धू. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर पंपाने मारू नको. पातळ पाती आडवी झाली की वारा जातच नाही.

शिवाय ग्लोव्ह बॉक्समागचं केबिन फिल्टर काढून बघ. धानाच्या गिरण्यांच्या भागात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरमधून मूठभर भुसा निघतो, कधी उंदराचं घरटंसुद्धा. ते भरलं की वारा कमी होतो. पण ब्लोअर जोरात असून वारा हळूहळू मंदावत गेला, तर कॉइलवर बर्फ जमतोय असं समज. ते काम तुझं नाही.

खात्री करायची तर शाळेच्या प्रयोगशाळेतला -१० ते ११० अंशांचा थर्मामीटर घे. तापाचा चालणार नाही. काचा बंद, आतलीच हवा फिरवण्याचं बटण चालू, आणि थर्मामीटर मधल्या जाळीत खोचून ठेव. बाहेर चाळीसच्या आसपास असताना १० ते १४ अंश आले तर एसी निरोगी आहे. हाच आकडा थांबल्यावर आणि पळताना, दोन्ही वेळा वहीत लिही. मेकॅनिकसमोर ही वही ठेवलीस की बोलणं सोपं होईल.

ऑनलाइन मिळणारे गॅसचे डबे मात्र अजिबात आणू नको. गाडीत किती गॅस बसतो ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. अंदाजाने भरलेला जास्त झाला तरी नुकसानच. डोळ्यांत उडाला तर बर्फाने भाजल्यासारखी इजा होते, आणि ज्योतीवर गेला तर विषारी वायू तयार होतो. शिवाय हा गॅस हवेत सोडणंही वाईट. ओझोनला तो धक्का लावत नाही, म्हणून १९८७च्या मॉन्ट्रिअल करारानंतर जुन्या आर-१२ची जागा त्याने घेतली. पण हवा तापवण्यात एक किलो गॅस चौदाशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. लहान गाडीतला चारशे ग्रॅम सुटला, तर सुमारे अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं नुकसान. २०१६च्या किगाली दुरुस्तीत या गॅसांचा वापर कमी करायचं जगाने ठरवलं, ते याचसाठी. गॅस खरंच काढायचा असेल, तर तो मशीनमध्ये खेचून घेणारा, व्हॅक्यूम करून मग मोजून भरणारा माणूस शोध. असा माणूस मी इथे पाहून ठेवला आहे. तुझ्या वहीतले आकडे आले की मीच तुझ्यासोबत येतो.

तोवर भाऊजींना घेऊन येताना पहाटे निघ. गाडी उन्हात उभी असेल तर बसण्याआधी चारही काचा दोन मिनिटं उघड्या ठेव, तापलेली हवा निघून जाऊ दे, मगच काचा बंद करून एसी लाव. नवतपा २५ मेपासून लागेल, त्याआधी हे काम उरकायचंय. ताईला नमस्कार सांग. फॅन फिरला की नाही, ते रविवारीच कळव.

तुझा,
मामा