ताप नाही, तरीही जंतुसंसर्ग: लिव्हर सिरोसिसच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी

तुमच्या घरात लिव्हर सिरोसिसचा रुग्ण असेल, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. त्याला जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही.

वर्धा जिल्ह्यात अनेक वर्षांपासून दारूबंदी आहे, पण मोहाची दारू काही थांबली नाही. त्यामुळे आंजी (मोठी) परिसरातून येणारे सिरोसिसचे रुग्ण मला नवीन नाहीत. अर्थात, दारूला कधीही न शिवलेल्यांनाही हिपॅटायटिस बी, सी किंवा फॅटी लिव्हरमुळे हा आजार होतो.

तिकडचेच एक शेतकरी आठवतात. पोटात पाणी, पायांवर सूज. दोन दिवस ते दिवसभर झोपायचे, रात्री जागे राहून विकून टाकलेल्या बैलांविषयी बोलायचे. लघवीही कमी झाली होती. घरच्यांना वाटले, अशक्तपणा असेल. बायको मात्र दवाखान्यात नेण्यावर अडून बसली. पोटातले पाणी तपासायचे म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "ताप तं नाही जी, मंग इन्फेक्शन कसं? अन् पोटाले सुई लावली का मानूस वाचत नाही म्हनते."

त्याची शंका रास्त होती. आतड्यातून येणारे रक्त लिव्हरमधून गाळून पुढे जाते आणि तिथल्या पेशी त्यातले जंतू गिळतात. सिरोसिसमध्ये ही गाळणी निकामी होते आणि बरेचसे रक्त आडवाटेने निघून जाते. आतड्याचे अस्तरही सैल पडते. मग आपल्याच आतड्यातले जंतू पोटातल्या पाण्यात वाढू लागतात. प्रतिकारशक्ती थकलेली असल्याने ताप किंवा पोटदुखी होतेच असे नाही.

सुईने माणूस दगावत नाही, उशिराने दगावतो. रुग्ण फार उशिरा आणले जातात, म्हणून ती भीती गावात पसरली आहे. थोडेसे पाणी काढून पांढऱ्या पेशी मोजतात. न्यूट्रोफिल पेशी घनमिलिमीटरला २५० किंवा जास्त असल्या, की लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावे लागते. किडनी वाचवण्यासाठी सोबत अल्ब्युमिन देतात. त्या शेतकऱ्यांच्या पाण्यात पेशी वाढलेल्याच होत्या. उपचारांनी ते शुद्धीवर आले आणि चालत घरी गेले. सगळेच जात नाहीत. सिरोसिसमध्ये संसर्ग झाला की मृत्यूचा धोका सुमारे चौपट होतो.

म्हणून ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या: झोपेची उलटापालट, असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे, पोट अचानक फुगणे किंवा दुखणे, रक्ताची उलटी, काळी शौच, पायावर लाल गरम चट्टा.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात, भारतातल्या अशा रुग्णांमध्ये सापडलेल्या जंतूंपैकी सुमारे ७३ टक्के जंतू अनेक औषधांना दाद देत नव्हते. अर्धवट गोळ्यांनी तपासणीत जंतूही सापडेनासे होतात. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळा, त्या किडनीला मारक ठरतात. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल, तर ती खरेच लागते का, हे डॉक्टरांना विचारा. सुजलेल्या पायांनी अनवाणी शेतात जाऊ देऊ नका. न्यूमोनिया, फ्लू आणि हिपॅटायटिस बीच्या लसींविषयीही विचारून घ्या.

थर्मामीटर घरात जरूर ठेवा. पण "हे नेहमीसारखे वागत नाहीत" असे तुम्हाला वाटले, तर पारा चढण्याची वाट पाहू नका.