मोडेन पण वाकणार नाही

पत्रा वाकवण्याचे जुने यंत्र कसे निवडावे, हा मराठीच्या अध्यापकांचा विषय नव्हे. तरीही गेल्या हिवाळ्यातले पाच-सहा रविवार आम्ही दोघांनी (आमच्यापैकी एक नांदेडला शिकवतो, दुसरी लातूरला) याच एका विषयात घालवले. निमित्त होते आमचा एक माजी विद्यार्थी. मराठीत एम.ए., सेट उत्तीर्ण, सहा वर्षे तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत शिकवलेला. कायम नेमणुकीची वाट पाहून थकल्यावर तो लातूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या मामाच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात गेला आणि आता ते दुकान तोच चालवतो. धान्याच्या कोठ्या, शटर, कुलरचे सांगाडे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असे काम. पत्रा कापणे आणि जोडणे त्याच्याकडे होते. वाकवणे मात्र दुसऱ्याच्या दुकानात, एका बेंडला इतके रुपये या दराने. हंगामात तिथे रांग लागते आणि कोठी तीन-तीन दिवस अर्धवट पडून राहते. स्वतःचे यंत्र हवे होते. नव्याची किंमत आवाक्याबाहेर, म्हणून जुने. पैसा कुठून, तर वडिलांनी विकलेल्या दीड एकराचा, आणि तो एकदाच येणारा.

आम्हाला त्यातले काय कळत होते? काही नाही. पण आपल्याकडे मोठ्या खरेदीला दोन वडीलधारी माणसे सोबत नेण्याची रीत आहे. नांदेडहून लातूरला येताना वाटेत, लोहा तालुक्यात, माळेगाव लागते. तिथल्या मार्गशीर्षातल्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. लालकंधारी आणि देवणी या दोन्ही जातींची नावेच आमच्या दोन जिल्ह्यांतल्या गावांवरून पडलेली. बैल घेणारा तिथे एकटा जात नाही. एक जण दात पाहतो, एक जण चालवून पाहतो, आणि ज्याला काहीच कळत नाही तो नुसता उभा राहतो. त्याच्या उभे राहण्यालाही वजन असते. आमची भूमिका या तिसऱ्याची.

दात पाहणारा होता दुकानातला मिस्त्री. साठीच्या आसपासचा, कमी बोलणारा. पहिले यंत्र नांदेडला होते: शंभर टनांचे, तीन मीटर लांबीचे, चक्क्यावर चालणारे यांत्रिक प्रेस ब्रेक. ताजा हिरवा रंग दिलेला. आम्ही रंगाकडे पाहत होतो. मिस्त्री म्हणाला, "रंगाला काय बघायलाव सर, घसा बघा." यंत्राच्या दोन्ही बाजूंच्या जाड पोलादी पाट्यांना मध्ये इंग्रजी सी अक्षरासारखी खाच असते, तिला हे लोक घसा म्हणतात. पत्रा दाबताना सगळा ताण त्या खाचेच्या कोपऱ्यात साठतो आणि तडा जायचा असेल तर तिथेच जातो. मग कोणी तो वेल्डिंगने भरतो, वर लांबी घासतो, त्यावर रंग. मिस्त्रीने नखाने कोपरा खरवडला, बॅटरीच्या उजेडात बराच वेळ पाहिला, नंतर हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐकला. घसा शाबूत होता.

मग त्याने पूर्ण लांबीची एक पट्टी वाकवायला लावली. दोन्ही टोकांना काटकोन बरोबर आला, मध्यभागी मात्र कोन दोन-तीन अंशांनी उघडा राहिला. आम्हाला तो दोष वाटला. मिस्त्रीने सांगितले की एवढी लांब तुळई दाबाखाली मध्ये थोडी तरी वाकतेच. ती वाकली की मधल्या पत्र्यावर दाब कमी पडतो. उपाय काय, तर खालच्या डायखाली मध्यभागी कागदाच्या पट्ट्या सरकवायच्या. एक, दोन, लागतील तेवढ्या. शंभर टनांचे यंत्र कागदाने सरळ करतात, हे ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले. (कोणत्या कागदाने, हे आमच्यापैकी एकाने विचारले. जाड आणि एकसारखा असला म्हणजे पुरे, असे उत्तर मिळाले. मजकुराचा संबंध नाही.)

या रविवारांत आमच्या वहीत शब्द साठत गेले. घसा, चक्का, डाय, पंच, गेज, 'पत्रा मारणे', 'बेंड उघडा पडणे'. यातले निम्मे इंग्रजी आहेत म्हणून नाक मुरडणारे आमच्या खात्यात पुष्कळ आहेत. पण ऐरण, भाता, घण, सांडस हे शब्द मोल्सवर्थने कोशात घेतले ते लोहार ते बोलत होता म्हणून. १८३१ साली कोणी परिभाषा समिती नेमली नव्हती. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ चा. त्यातला बलुतेदार लोहार आमच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरता ठाऊक असतो. त्याच लोहाराचा नातू आज गेज आणि टनेज बोलतो, तर ती मराठी कुठे नोंदवायची? लातूरचे अडकित्ते, कुलपे आणि पितळी भांडी एके काळी नावाजलेली होती. ती घडवणाऱ्यांच्या तोंडी काय शब्द होते, हे आता कोणाला विचारावे? लोखंड आणि साहित्य यांचे इतके वाकडे असण्याचे कारणही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. नांगर करणाऱ्या त्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. नियतकालिकांच्या इतिहासात मासिक येते, नांगर तळटीपेत जातो. असो.

'मोडेन पण वाकणार नाही' ही म्हण आपल्याकडे कौतुकाने सांगतात. मिस्त्रीच्या धंद्यात तसे म्हणणारा पत्रा भंगारात जातो. लाटून तयार झालेल्या पत्र्याला लाकडासारखी एक दिशा असते. त्या दिशेला समांतर वाकवला तर घडीवर बारीक तडे जाऊ शकतात, आडवा वाकवला तर तो निमूट वळतो. आणि वळल्यावरही तो थोडा मागे येतो. नव्वद अंश हवे असतील तर अठ्ठ्याऐंशीपर्यंत दाबावे लागते. दाब सुटला की दोन अंश तो आपले आपण परत घेतो. हे आम्हाला फार आवडले. आमच्या विद्यार्थ्याला ते आवडण्याइतकी फुरसत नव्हती. तो हिशेब करत होता.

हिशेब असा. खालच्या डायची खाच पत्र्याच्या जाडीच्या साधारण आठपट रुंद धरतात. तीन मिलिमीटरच्या साध्या पोलादी पत्र्याला चोवीस मिलिमीटर. अशा वेळी मीटरभर लांबीला वीस ते पंचवीस टन दाब लागतो. ट्रॉलीचा तीन मीटरचा पत्रा म्हणजे पंचाहत्तर टनांपर्यंत. नांदेडचे यंत्र ते सहज करणार होते, आणि ते स्वस्तही होते. लातूरला बंद पडलेल्या एका कारखान्यातले दुसरे यंत्र हायड्रॉलिक, साठ टनांचे, अडीच मीटरचे. त्यावर ट्रॉली बसत नव्हती, सिलिंडरमधून तेल गळत होते आणि किंमत सव्वा लाखाने जास्त. कागदावर निर्णय झाल्यातच जमा होता.

तेव्हा मिस्त्रीने डावा हात टेबलावर ठेवला. तर्जनी आणि मधले बोट पहिल्या पेरापाशी संपलेले. महिनाभर तो आमच्यासोबत हिंडत होता आणि आमच्या ते लक्षात यावे अशा रीतीने त्याने हात कधी धरला नव्हता. चक्क्याच्या यंत्रात क्लच एकदा धरला की खाली येणारा पंच मध्येच थांबवणे फार कठीण, एवढेच त्याने सांगितले. हायड्रॉलिकमध्ये पायपट्टीवरचा पाय उचलला की तो थांबतो. "पोरं नवीन हायत," तो म्हणाला. दुकानात दोन मुले आहेत, एक अठरा वर्षांचा, दुसरा एकोणीस.

माळेगावच्या बाजारात भाव उघड बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून ठरवतात. त्या टेबलावर रुमाल नव्हता.

तरी विद्यार्थी लगेच हो म्हणाला नाही, आणि ते योग्यच होते. ट्रॉलीचे काम म्हणजे दुकानाची निम्मी कमाई. लातूरजवळ रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी २०१८ साली झाली, डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. आपल्यालाही कधी काही काम मिळेल या आशेवर वसाहतीतल्या अनेकांनी मोठी यंत्रे घेण्याचे मनसुबे रचले, त्यांत तोही होता. त्याने दोन रात्री घेतल्या. मग लातूरच्या मालकाला फोन करून विचारले की जीएसटीचे पक्के बिल मिळेल का. मालक कच्च्या पावतीवर वीस हजार कमी करायला तयार होता. याने पक्के बिल मागितले आणि सिलिंडरची सीले बदलून देण्याची अट घातली. आम्ही दोघांनी मिळून या व्यवहाराला लावलेला हातभार म्हणजे त्या अटीचे एक वाक्य: 'गळती थांबल्याची खात्री खरेदीदाराच्या मिस्त्रीने केल्यानंतरच उर्वरित रक्कम देय राहील.' मालकाने 'मिस्त्रीने' या शब्दावर हरकत घेतली, अभियंता म्हणा म्हणाला. शब्द बदलला नाही.

यंत्र आता दुकानात आले आहे. ट्रॉलीचे पत्रे अजून बाहेरच वाकवून आणावे लागतात आणि त्याचा दर या महिन्यात पुन्हा वाढला. सीले बदलली, गळती थांबली, उरलेली रक्कम दिली गेली. पायपट्टीवर झाकण नव्हते. वरून काही पडून ती दाबली जाऊ नये म्हणून ते बसवल्याशिवाय पहिला पत्रा लावायचा नाही, असे मिस्त्रीने बजावले आहे. झाकणासाठी १८ गेजचा पत्रा कापून ठेवला आहे. तो वाकवायला मात्र शेजारच्या दुकानात नंबर लावावा लागला, आणि तिथे चार दिवसांची रांग आहे.