भार किती वाहावा?

श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी पाचवे व्रत परिग्रह-परिमाणाचे. गृहस्थाने सर्वस्व सोडावे असे ते म्हणत नाही; आपल्याजवळ किती असावे याची मर्यादा आधीच ठरवावी, एवढेच सांगते. या विचाराची सत्यता शर्यतीच्या मोटारींच्या इतिहासातही आढळावी, हे प्रथमदर्शनी नवलाचे वाटेल.

लंडनजवळच्या सर्बिटन येथे चार्ल्स कूपर आणि त्यांचे पुत्र जॉन यांचे गॅरेज होते. महायुद्धानंतरच्या टंचाईत, 1946 मध्ये, दोन छोट्या फियाट मोटारींचे पुढचे भाग एकमेकांना जोडून त्यांनी शर्यतीची मोटार तयार केली. तिला मोटारसायकलचे 500 सीसीचे इंजिन होते. साखळीने मागची चाके फिरवणे सोपे जावे म्हणून ते चालकाच्या मागे बसवले.

सोयीसाठी केलेली ही मांडणी दूरगामी ठरली. त्या काळच्या मोठ्या मोटारींत इंजिन पुढे असे आणि त्याची शक्ती मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब शाफ्ट चालकाच्या आसनाखालून किंवा शेजारून जाई. त्यामुळे मोटार लांब, उंच आणि जड होई. इंजिन मागे गेले आणि त्या शाफ्टची गरज उरली नाही. चालक खाली बसू लागला, हवेचा विरोध घटला. वजन उतरले तसे इंधन कमी लागले, टायरही कमी झिजले. एक अनावश्यक वस्तू निघाली की तिच्या आधाराने आलेल्या कितीतरी वस्तू आपोआप निघून जातात.

कूपरना इंजिन देणाऱ्या कॉव्हेंट्री क्लायमॅक्स या कंपनीने पूर्वी अग्निशमन पंपासाठी इंजिन घडवले होते. पंप माणसांना उचलून नेता यावा, म्हणून ते हलके असणे आवश्यक होते. हलकेपणाची ही दृष्टी पुढे तिच्या शर्यतीच्या इंजिनांतही उतरली.

19 जानेवारी 1958 रोजी अर्जेंटिनातील ब्यूनस आयर्स येथे स्टर्लिंग मॉस कूपरच्या छोट्या मोटारीतून शर्यतीत उतरले. इंजिन दोन लिटरहूनही लहान, तर समोर फेरारी आणि मासेराती यांची मोठी इंजिने. मॉस टायर बदलण्यास थांबतील आणि त्यात बराच वेळ दवडतील, अशी प्रतिस्पर्ध्यांची अटकळ होती. मॉस थांबलेच नाहीत. टायर आतल्या कापडापर्यंत झिजले, तरी ते 2.7 सेकंदांनी जिंकले. पुढे 1959 आणि 1960 मध्ये जॅक ब्रॅबहॅम कूपरमधूनच जगज्जेते झाले. 1961 पर्यंत फेरारीनेही इंजिन मागे नेले.

हे हलकेपण वेगासाठी होते, संयमासाठी नव्हे, हे विसरून चालणार नाही. शिवाय भार कमी करण्याच्या ओढीलाही मर्यादा हवी. आजच्या फॉर्म्युला वन मोटारी त्या मोटारींहून कितीतरी मोठ्या आणि जड आहेत. त्यांच्या वजनाचा काही वाटा बॅटरी व विद्युत यंत्रणेचा आहे, तर काही वाटा चालकाच्या रक्षणाचाही आहे. 2018 पासून चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाची टायटॅनियमची कमान असते. नोव्हेंबर 2020 मध्ये बहरीन येथे रोमाँ ग्रोजाँ यांची मोटार लोखंडी कठडा भेदून पेटली, तेव्हा या कमानीमुळे त्यांचे डोके वाचले. त्या कमानीचे वजन परिग्रह म्हणता येईल का? सर्वस्वाचा त्याग केलेले दिगंबर मुनीही पिच्छी जवळ ठेवतात, कारण ती जीवरक्षणासाठी असते.

2026 पासूनच्या नियमांनी मोटारीची कमाल रुंदी 2000 वरून 1900 मिलिमीटर, तर पुढच्या-मागच्या चाकांतील कमाल अंतर 3600 वरून 3400 मिलिमीटर केले. हेलो मात्र कायम राहिला. परिमाण म्हणजे केवळ कमी करणे नव्हे; काय उतरवावे आणि काय वाहत राहावे, याचा विवेक त्यात अभिप्रेत आहे. घरातील कपाट आवरताना असो वा संसाराचा पसारा मांडताना, प्रत्येक वस्तूला हाच प्रश्न विचारता येतो: ही कोणाचे रक्षण करते, की केवळ आपला भार वाढवते?