भाड्याच्या चित्रपटांची खतावणी

एखादा धंदा नामशेष झाला म्हणजे त्याच्या पाट्या भंगारांत जातात, वह्या रद्दींत जातात, आणि त्याची आठवण तेवढी कांहीं वर्षें वडील माणसांच्या बोलण्यांत रेंगाळते. व्हिडिओ कॅसेटी भाड्यानें देण्याच्या धंद्याचें नशीब मात्र कांहींसें चमत्कारिक निघालें. दुकानें गेलीं, कॅसेटी गेल्या, त्या चालविणारीं यंत्रें करणाऱ्या जपानांतील शेवटच्या कारखानदारानेंही २०१६ सालीं तें काम थांबविलें. पण संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांस व्हिडिओ लायब्ररीकरितां डेटाबेस आंखण्याचा प्रश्न आजही घालण्यांत येतो. ‘मायएसक्यूएल’ या प्रसिद्ध डेटाबेसाच्या अभ्यासासाठीं ‘साकिला’ नांवाचा जो नमुन्याचा संग्रह मिळतो, तोही चित्रपट भाड्यानें देणाऱ्या दुकानाचाच आहे. ज्या मुलांनीं कॅसेट कधीं हातांत धरिली नाहीं, त्यांनीं तिच्या नेआणीचा हिशेब मांडावा, हें पाहून आम्हांस प्रथम हसूं आलें. परंतु उदाहरण मोठ्या मार्मिकपणें निवडिलेलें आहे. आणि तें मार्मिक कां, हें आम्हांस कोणत्याही ग्रंथाच्या आधीं पाथर्डीच्या एका दुकानांतील लांबट वहीनें शिकविलें.

नगराहून (आतां अहिल्यानगर म्हणावयाचें) करंजीचा घाट ओलांडून पूर्वेकडे गेलें म्हणजे पाथर्डी लागतें. पाऊस बेताचा, रेल्वे नाहीं. दसरा झाला कीं तालुक्यांतील कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीला निघतात, तीं पाडव्याच्या आगेंमागें परततात. गांवाला उत्साह काय तो मोहट्याच्या देवीच्या नवरात्राचा आणि मढीच्या कानिफनाथाच्या यात्रेचा. अशा गांवांत, १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडबरोबर रंगीत दूरदर्शन देशांत आल्यानंतर कांहीं वर्षांनीं, आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं कॅसेटींचें दुकान घातलें. एका खोलींत तीन फळ्या, त्यांवर कॅसेटी, आणि कोपऱ्यांत एका रात्रीच्या भाड्यानें न्यावयाचे टीव्ही व व्हीसीआर. १९८४ सालीं कॉपीराइटचा कायदा दुरुस्त होऊन कॅसेटीवर निर्मात्याचें आणि हक्कदाराचें नांव-पत्ता देणें सक्तीचें झालें होतें. तो मजकूर त्या फळ्यांवर कितपत आढळतो, याची चौकशी आम्हीं शेजारधर्मास जागून कधीं केली नाहीं.

दुकानाची वही मालकांनीं आपल्या समजुतीप्रमाणें आंखली होती. तारीख, नांव, गांव, चित्रपट, भाडें, अनामत, आणि शेवटीं ‘परत’ असा एक अरुंद रकाना. कॅसेट आली कीं त्यांत बरोबरची खूण करावयाची. दिसावयास वही निर्दोष होती, आणि दोन-तीन वर्षें तिनें कोणाचें वांकडें केलें नाहीं.

‘माहेरची साडी’ हा चित्रपट १९९१ सालीं आला आणि त्यानें बायकामंडळींस रडवून वेड लाविलें. दुकानांत त्याच्या दोन कॅसेटी ठेवाव्या लागल्या. पुढें एका दसऱ्यानंतर, टोळी कारखान्यावर निघण्याच्या आदल्या दिवशीं, एका ऊसतोड मजुरानें त्यांतली एक नेली. त्याच आठवड्यांत दुसरी नेली ती त्याच्या चुलतभावानें, आणि हा गांवींच राहणारा. आपल्याकडे आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल आहे. त्यामुळें दोघांचें नांव एक, आडनांव एक, गांव एक. भेद होता तो बापाच्या नांवांत, आणि तें लिहिण्यास वहींत जागाच नव्हती. मजुरानें त्याच रात्रीं उशिरां कॅसेट परत आणून दिली. मालक घरीं गेलेले. फळी लावणाऱ्या पोरानें ती घेतली, अनामत परत देण्याचा अधिकार त्यास नव्हता, आणि त्यानें खूण केली ती नेमकी चुलतभावाच्या ओळींत.

पाडव्यानंतर मजूर अनामत मागावयास आला. मालकांनीं वही उघडून त्याच्या नांवापुढची मोकळी जागा दाखविली. “शेठ, म्या दिली व्हती की! तुमच्या पोराच्या हातात दिली,” असें तो पुनःपुन्हां सांगत होता, पोरगा केव्हांच काम सोडून गेला होता. दुकानांत चार गिऱ्हाइकें उभीं होतीं. अनामत तर बुडालीच, वर कॅसेटीची किंमतही त्यानें गांठींतून सोडून मोजली. रकमेपेक्षां त्या चार लोकांसमक्ष लबाड ठरल्याचें दुःख त्याच्या चेहऱ्यावर अधिक होतें, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. आषाढांत चुलतभावाच्या मुलानें घर झाडतांना सांपडलेली कॅसेट आणून दिली तेव्हां सर्व उलगडा झाला. मालक माणूस सरळ, एस.टी.नें त्या गांवीं जाऊन त्यांनीं पैसे परत केले. मजुरानें ते घेतले, चहाही पाजला. पण पुन्हां दुकानाची पायरी तो चढला नाहीं.

त्यानंतर मालक आम्हांस म्हणाले, “गुरुजी, वही नवी आंखून द्या.” तेव्हांपासून या विषयाचा आम्हांस जो नाद लागला तो सुटला नाहीं. वास्तविक या शास्त्राचा पाया त्याच्या कितीतरी आधीं घातला गेला होता. एडगर कॉड हा मूळचा इंग्लंडांतील गणिती अमेरिकेंत आयबीएम कंपनींत कामास होता. त्यानें १९७० सालीं एक निबंध प्रसिद्ध करून सांगितलें कीं, माहितीचे साधे तक्ते करावे, प्रत्येक ओळीस तिची ओळख पटविणारी किल्ली असावी, आणि तक्त्यातक्त्यांचें नातें त्या किल्लीच्या द्वारेंच जोडावें. हें ऐकावयास नवें वाटतें; पण आपल्या शेतकऱ्याच्या घरांत याचा कित्ता फार दिवसांचा आहे. सातबारा म्हणजे तरी काय? गांव-नमुना सात जमिनीच्या हक्काचा, बारा पिकांचा. दोहोंस जोडणारा गट-नंबर. आठ-अ चा उतारा खातेदाराचा, त्यास जोडणारा खातेनंबर. आणि झालेल्या बदलांची नोंद फेरफाराच्या निराळ्या वहींत. तलाठी मालकाचा वंशवृक्ष प्रत्येक पिकापुढें लिहीत बसत नाहीं, तो याचसाठीं. आपल्या व्यापाऱ्यांची कीर्द-खतावणी मात्र दुसऱ्या तत्त्वाची. तींत एकच रक्कम दोन ठिकाणीं लिहून एकीनें दुसरीची चूक पकडावयाची; कॉडच्या पद्धतींत एक गोष्ट एकदांच लिहावयाची, म्हणजे दोन ठिकाणीं दोन तऱ्हेची होण्याची सोयच राहत नाहीं.

पाथर्डीच्या वहीचा खरा दोष असा होता कीं तिला चित्रपट आणि कॅसेट यांतला भेद ठाऊक नव्हता. चित्रपट एकच, त्याचीं नट-नटी एकच. कॅसेटी दोन, एकीची फीत चांगली, दुसरीची चघळलेली. गिऱ्हाईक नेतें तें चित्रपट नव्हे, तर अमुक एक कॅसेट. यास्तव चित्रपटांचा एक तक्ता, कॅसेटींचा दुसरा, गिऱ्हाइकांचा तिसरा, आणि कोणतें गिऱ्हाईक कोणती कॅसेट केव्हां घेऊन गेलें व केव्हां परत आलें, त्या नेआणीचा चौथा. गिऱ्हाइकास नंबर देण्यास मालक नाखूष होते. माणसाला नंबर तुरुंगांत देतात, असें त्यांचें म्हणणें. आमचें मत उलट आहे. नांव हें प्रेमानें हांक मारण्यासाठीं ठीक, पण पैशाच्या वहींत माणसाची अब्रू राखतो तो नंबर.

भाड्याच्या दराविषयीं मात्र थोडा घोटाळा होतो. आजचा दर चित्रपटाच्या तक्त्यांत एकदां लिहिला म्हणजे पुरें, असें नवशिक्यास वाटतें; परंतु यात्रेच्या दिवसांत दर वाढे, आणि पुढें दर उतरला म्हणून मागच्या वर्षीं घेतलेले पैसे कमी होत नाहींत. आजचा दर आणि त्या दिवशीं घेतलेलें भाडें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी नेआणीच्या तक्त्यांतच पाहिजे.

सर्वांत कठीण प्रश्न मोकळ्या जागेचा. ‘परत’ या रकान्यांत कांहीं नाहीं, याचा अर्थ काय घ्यावा? कॅसेट आली नाहीं, कीं आली पण लिहिली गेली नाहीं? कॉडनेंही रिकाम्या जागेवर पुष्कळ डोकें चालविलें, आणि १९९० सालच्या आपल्या ग्रंथांत तिचे दोन प्रकार केले: जेथें माहिती असावयास हवी पण ती मिळालेली नाहीं तो एक, आणि जेथें ती लागूच पडत नाहीं तो दुसरा. पंडितांत यावर वाद आहेत. आमच्या मालकांनीं तर त्या जागेंत तिसराच अर्थ वाचला होता: हा मनुष्य चोर आहे. नव्या वहींत आम्हीं खुणेऐवजीं परतीची तारीख आणि कॅसेट घेणाराची सही असे दोन रकाने ठेवविले, आणि मोकळ्या जागेवरून कोणास तगादा लावण्यापूर्वीं कॅसेटीच्या नंबरानें फळी तपासावयाची असा नियम घालून घेतला. मग केबल आली, तबकड्या आल्या, आणि ती वही अर्धीच भरून राहिली.

हल्लीं त्या मालकांचा नातू नगरास संगणक शिकतो. मागील सुट्टींत तो याच प्रश्नाची आकृति काढून आम्हांस दाखवावयास आला. चार चौकोन, मध्यें रेषा, सर्व यथास्थित. नेआणीच्या तक्त्यास त्यानें गिऱ्हाइकाचा नंबर आणि कॅसेटीचा नंबर मिळून किल्ली केली होती. आम्हीं विचारिलें, “एकानेंच तीच कॅसेट पुन्हां नेली तर?” त्यानें थोडा विचार करून तींत तारीख घातली. “आजोबा, आतां पुरें ना?” आम्हीं त्यास वेळही घालावयास सांगितली, कारण मढीच्या यात्रेच्या दिवसांत एकच कॅसेट सकाळीं एका घरीं जाऊन परत येई आणि दुपारीं पुन्हां त्याच घरीं, सकाळीं स्वयंपाकांत अडकलेल्या बायकांसाठीं, जात असे.